यांत्रिक मासा शेपटी मारतो, पण पुढे का सरकत नाही?

वाचकांचे प्रश्न, तंत्रविभागाची उत्तरे

माशासारखे पोहणाऱ्या रोबोंबद्दल आलेली बहुतेक पत्रे अभियांत्रिकीच्या प्रकल्पांतून आली आहेत आणि तक्रारही बहुधा एकच आहे: शेपटी जोरात हलते, पाणी ढवळते, मासा मात्र रेंगाळतो. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमचा मासा ४० सेंमी लांब आहे. शेपटीत तीन सर्व्हो (सांगितल्या कोनाला वळणाऱ्या छोट्या मोटरी) एकामागे एक बसवले आहेत. शेपटी सेकंदाला दीड वेळा झुलते, टोक या बाजूपासून त्या बाजूपर्यंत १० सेंमी हलते. तरी वेग सेकंदाला १५ सेंमीच्या वर जात नाही. मोठे सर्व्हो घ्यावेत का?
*– यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी, रत्नागिरी*

उत्तर : खर्च करण्याआधी एक भागाकार करा. शेपटीची वारंवारता गुणिले टोकाचा एकूण झोका, भागिले पोहण्याचा वेग. याला स्ट्राऊहल अंक म्हणतात. संथ, सलग पोहणाऱ्या बहुतेक माशांचा आणि डॉल्फिनचाही हा अंक ०.२ ते ०.४ च्या दरम्यान सापडतो. शेपटीमागे सुटणारे भोवरे याच पट्ट्यात असे मांडले जातात की कमी शक्तीत जास्त रेटा मिळतो, हे अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातल्या त्रियान्ताफिलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडले. तुमचा अंक १.५ × १० ÷ १५, म्हणजे १ येतो. तो ०.३ असता तर याच शेपटीवर मासा सेकंदाला ५० सेंमी गेला असता. दुसऱ्या मापाने पाहा: जिवंत मासा शेपटीच्या एका पूर्ण झोक्यात स्वतःच्या लांबीच्या ०.६ ते ०.७ पट पुढे जातो, तुमचा पाव लांबी जातो.

हा अंक थर्मामीटरसारखा आहे. ताप दाखवतो, आजार सांगत नाही. आजार शोधायला मोबाइल बरोबर वर धरून पाण्याचे चित्रण करा आणि तीन गोष्टी याच क्रमाने पाहा.

पहिली, नाक. बांगड्यासारख्या माशाचे नाक शेपटीच्या झोक्याच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतकेच हलते. तुमच्या माशात ते एकूण दोन-अडीच सेंमी हलायला हवे. नाक पाच-सहा सेंमी हलत असेल तर शेपटी पाण्याला नव्हे, तुमच्याच माशाच्या धडाला ढकलते आहे. पुढचा भाग हलका, आखूड किंवा गोल नळीसारखा असला की हे होते. उपाय असे: पुढचा ताठ भाग एकूण लांबीच्या निम्म्याच्या आसपास ठेवा, बॅटरी आणि शिसे त्यात न्या, धड रुंदीपेक्षा उंचीला जास्त ठेवा, पाठीवर एक स्थिर पर लावा. शेपटीच्या पराआधीचा देठ मात्र बारीक करा. कुप्याचा (ट्युनाचा) देठ पाहा, बोटाच्या चिमटीत मावेल असा असतो. बाजूचा धक्का फक्त पराशी लागावा, वाटेत लागू नये, हे त्यामागचे कारण.

दुसरी, लाट. एका झोक्यातली सात-आठ चित्रे काढून माशाच्या कण्याची रेघ एकावर एक ठेवा. लाटेचा माथा मागे मागे सरकताना दिसला पाहिजे. शेपटीवरचा एखादा बिंदू कायम मध्यरेषेवर आणि त्याच्या दोन्हीकडचा भाग झुलतो असे दिसले, तर लाट जागच्या जागी उभी आहे आणि उभी लाट मासा पुढे नेत नाही. दोन सांध्यांमधला कलाफरक (फेज), म्हणजे मागचा सांधा पुढच्याच्या किती मागून झुलतो ते, असा काढा: ३६० अंश गुणिले सांध्यांमधले अंतर, भागिले तरंगलांबी. बांगड्याच्या पद्धतीत तरंगलांबी अंगाच्या लांबीइतकी धरतात. सांधे ७ सेंमीवर असतील तर ३६० × ७ ÷ ४०, म्हणजे ६३ अंश. प्रकल्पांमध्ये हा फरक हमखास २०-३० अंश ठेवलेला असतो, आणि मग तीन सर्व्हो मिळून एका फळीचे काम करतात. कोन पुढून मागे वाढवत न्या, सुरुवातीला ±१०, ±१५ आणि ±२५ अंश घ्या. सर्व्होचा कोन आधीच्या तुकड्याच्या सापेक्ष असतो, त्यामुळे ६३ हा आकडा फक्त सुरुवातीचा. तिथून दहा-दहा अंशांनी पुढेमागे करून वेग मोजा.

लाटेचा वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी. तुमच्याकडे सेकंदाला ६० सेंमी. गणितज्ञ लाइटहिल यांच्या १९६० च्या सिद्धांतानुसार आदर्श कार्यक्षमता म्हणजे १ अधिक (माशाचा वेग भागिले लाटेचा वेग), या बेरजेच्या निम्मे. तुमची ६२ टक्के निघते. हा वेगाचा भागाकार ०.७ पर्यंत नेला तर ८५ टक्के. प्रत्यक्षात यातले बरेच गळते, पण दिशा कळते.

तिसरी, सर्व्हो सांगितल्या कोनापर्यंत पोहोचतो का. डीएस३२१८ सारख्या २० किलो-सेंमीच्या सर्व्होचा वेग ५ व्होल्टला साधारण ०.१६ सेकंदात ६० अंश, म्हणजे सेकंदाला ३७५ अंश, आणि तोही बिनभाराचा. ±३० अंश, सेकंदाला दीड झोका मागितला तर मध्यरेषा ओलांडताना वेग लागतो २८३ अंश. एवढ्या वेगाला सर्व्होच्या हाती टॉर्क (वळवण्याची ताकद) उरतो एक चतुर्थांश. सेकंदाला दोन झोके मागितले तर ३७७ अंश लागतात, म्हणजे टॉर्क शून्य. शेपटी कोन पूर्ण न करताच परत फिरते आणि तुम्ही मात्र प्रोग्रॅममधल्या आकड्यांवर हिशेब करत बसता. बिनभार वेगाच्या निम्म्यावर मोटर सर्वांत जास्त शक्ती देते. म्हणून ±३० अंशांना सेकंदाला एक झोका, किंवा ±१५ अंशांना दोन, ही या सर्व्होची खरी जागा. मोठा सर्व्हो बहुतेक वेळा हळूही असतो, तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर : नको.

प्रश्न : सर्व्होऐवजी १२ व्होल्टची गिअर मोटर, क्रँक आणि खाच असलेला दांडा असे जोडून शेपटी हलवली. ताकद भरपूर मिळाली, पण मासा कायम डावीकडे गोल फिरतो. पर तपासला, सरळ आहे. चूक कुठे?
*– लेथ कारखानदार, कोल्हापूर*

उत्तर : पर सरळच असेल, वेळ वाकडी आहे. शेपर यंत्र चालवलेल्या माणसाला हे लगेच पटेल: क्रँक आणि खाचेचा दांडा ही शीघ्र-परतीची यंत्रणा आहे. दांड्याची धुरी क्रँकच्या केंद्रापासून २५ मिमीवर आणि क्रँकची त्रिज्या ८.५ मिमी असेल तर दांडा ±२० अंश हलतो. पण एका बाजूचा फटका क्रँकच्या २२० अंशांत होतो, परतीचा १४० अंशांत. एक फटका दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त वेगाने बसतो. पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे मासा एका बाजूला ओढला जातो. मोटरच्या वायरी उलट जोडून पाहा, तो उजवीकडे फिरू लागेल. तसे झाले तर निदान पक्के.

दुरुस्ती सोपी आहे. मोटरचा दंड माशाच्या लांबीच्या दिशेने, शेपटीकडे तोंड करून बसवा. क्रँकची पिन आता आडव्या छेदाच्या पातळीत फिरेल. शेपटीच्या दांड्याला उभी खाच द्या. पिनचे वर-खाली जाणे खाचेत विरते, डावे-उजवे जाणेच दांड्याला मिळते आणि दोन्ही फटक्यांना सारखा वेळ लागतो. दांड्याची उभी धुरी पिनपासून २५ मिमीवर असेल तर ±२० अंशांसाठी क्रँकची त्रिज्या सुमारे ९ मिमी ठेवा. दांडा २० अंश वळताना पिन खाचेत तिरकी होते, म्हणून पिनच्या टोकाला गोल मणी हवा. नुसती दंडगोल पिन दोन्ही टोकांना अडकते, मोटर तिथे दचकते आणि गिअरचे दात झिजतात. खाचेला ॲसिटल प्लास्टिकचे अस्तर लावा, पितळेपेक्षा पाण्यात ते बरे चालते.

एकदिशा मोटरचा मोठा फायदा असा की तिला दर फटक्याला थांबून उलटे फिरावे लागत नाही. सर्व्हो ते करतो, आणि नुसता कोन धरून ठेवायलाही वीज खातो. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठाचा ३२ सेंमीचा आयस्प्लॅश-२ याच तत्त्वावर शेपटी सेकंदाला २० वेळा मारून सेकंदाला ३.७ मीटर गेला, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या साडेअकरा पट. किंमत अशी की शेपटीचा मध्य सरकवून वळणे अशा माशात जमत नाही. वळायला छातीच्या परांना किंवा सुकाणूला वेगळा छोटा सर्व्हो द्यावा लागतो.

प्रश्न : मासा पंख्यापेक्षा, म्हणजे प्रोपेलरपेक्षा, खरोखर कमी वीज खातो का? डॉल्फिनच्या स्नायूंना जमणार नाही इतक्या वेगाने तो पोहतो, असे शाळेत असताना वाचले होते. धरणाच्या जलाशयाची पाहणी करायला यांत्रिक मासा परवडेल का?
*– निवृत्त पाटबंधारे अभियंता, नाशिक*

उत्तर : आधी डॉल्फिन. प्राणिशास्त्रज्ञ जेम्स ग्रे यांनी १९३६ साली हिशेब मांडला की २० नॉट वेगाने पोहणाऱ्या डॉल्फिनला त्याच्या स्नायूंच्या आवाक्याच्या सातपट शक्ती लागेल. यातून त्याच्या कातडीत काही जादू आहे, असा समज पसरला. पण ग्रे यांनी घेतलेले निरीक्षण सात सेकंदांच्या धावेचे होते आणि स्नायूंची शक्ती मात्र बराच वेळ चालणाऱ्या श्रमाची धरली होती. थोड्या वेळासाठी स्नायू कितीतरी जास्त देतात. २०१४ साली फ्रँक फिश आणि सहकाऱ्यांनी बुडबुड्यांच्या पडद्यातून डॉल्फिन पोहवून शेपटीमागचा प्रवाह मोजला, तेव्हा हवी तेवढी शक्ती स्नायूच देतात हे थेट दिसले. जादूचा शोध तिथे संपला, तरी इंटरनेटवर ती अजून फिरते.

आता वीज. एमआयटीतच १९९८ साली टाकीत झुलवलेल्या पराची कार्यक्षमता ८७ टक्क्यांपर्यंत मोजली गेली. चांगल्या प्रोपेलरला ७० टक्के मिळाले तरी खूप, छोट्या स्वस्त थ्रस्टरना त्याहून बरेच कमी. एवढ्यावरून मासा जिंकला असे लिहिले जाते. पण तो आकडा सुट्या पराचा आहे, बॅटरीपासून पाण्यापर्यंतचा नाही. मधे सर्व्होची मोटर, गिअर, सील, ताणली जाणारी कातडी येते. ४० सेंमीचा मासा सेकंदाला ४० सेंमी जाताना पाण्याला देतो ती शक्ती एक वॅटच्याही आत असते, आणि तीन सर्व्हो मिळून पाच-सहा वॅट खातात. गळती पाण्यात नाही, खोक्यात आहे. कार्यक्षम मासा बनवायचा तर आकार कुप्यासारखा करण्यात जेवढे कष्ट घालता, त्याच्या दुप्पट या खोक्यात घाला.

तुलना करायची तर प्रवासखर्च मोजा: एक किलो वजन एक मीटर न्यायला किती जूल. दीड किलोचा मासा ६ वॅट घेऊन सेकंदाला ३० सेंमी जात असेल तर ६ ÷ (१.५ × ०.३), म्हणजे १३ जूल. सॅमनसारख्या किलोभराच्या माशाला यासाठी एक-दोन जूल पुरतात. मोजायला आयएनए२१९ चे छोटे बोर्ड चालते, पण त्यावरचा ०.१ ओहमचा शंट (प्रवाह मोजायचा रोधक) ३.२ अँपिअरपर्यंतच वाचतो. तीन सर्व्हो एकदम जोर लावतात तेव्हा प्रवाह त्यावर जातो, माप कापले जाते आणि मासा कागदावर फुकट कार्यक्षम ठरतो. शंट ०.०२५ ओहमचा लावा. सरासरी किमान दहा पूर्ण झोक्यांवर घ्या. शेपटी थांबलेली असताना लागणारी वीज वेगळी नोंदवा. मग वेग बदलत खर्चाचा आलेख काढा. तो मधे खोलगट येतो, कारण फार हळू पोहताना इलेक्ट्रॉनिक्सचा बसल्या जागचा खर्च मीटरमागे वाढत जातो.

किती चांगले जमू शकते याचा अंदाज व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या ट्युनाबॉट या यांत्रिक माशावरून येतो. लांबी २५.५ सेंमी, शेपटी सेकंदाला १५ वेळांपर्यंत, वेग सेकंदाला मीटरभर. त्यांच्या हिशेबाने १० वॅट-तासांच्या बॅटरीवर तो सेकंदाला ०.४ मीटर वेगाने सुमारे ९ किमी जाईल, मीटरभर वेगाने ४ किमीच्या थोडे वर. वेग अडीचपट केला की पल्ला निम्म्याहून कमी, हे लक्षात ठेवण्यासारखे.

तुमच्या जलाशयाला मात्र मासा नको. तळाची खोली आणि गाळ मोजायला सरळ रेषेत तासन् तास जायचे असते, उपकरण हलता कामा नये, आणि माशाचे धड तर झुलणारच. तिथे ध्वनीने खोली मोजणारे सोनार यंत्र लावलेली छोटी होडी बरी. माशाची जागा वेगळी आहे. एमआयटीचा सोफी हा मऊ मासा २०१८ साली फिजीच्या प्रवाळांत १८ मीटर खोलीपर्यंत पोहला, एका वेळी ४० मिनिटे. वेग सेकंदाला स्वतःच्या निम्म्या लांबीइतकाच, पण खऱ्या माशांच्या जवळ जाऊन चित्रण करायला तो उपयोगी ठरला. जलपर्णीने भरलेल्या नदीतही, जिथे पंख्याला मुळ्या गुंडाळतात, तिथे शेपटीचे पारडे जड आहे.

प्रश्न : शेपटीचा पर किती ताठ असावा? कडक ॲक्रिलिक लावले तर सर्व्हो गरम होतात, मऊ रबर लावले तर रेटाच मिळत नाही.
*– रोबोटिक्स क्लब, पुणे*

उत्तर : दोन्हींच्या मधे, आणि कुठे ते वेगावर ठरते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेलेला ट्राउट मासा अर्धगोल खांबामागच्या भोवऱ्यांत सोडला, तर तो प्रवाहाविरुद्ध पुढे सरकला. स्नायूंशिवाय. अंगाचा लवचिकपणा भोवऱ्यांच्या ठेक्याशी जुळला की पाणीच काम करते. तुमच्या परालाही हेच हवे: पर मधल्या रेषेतून जात असताना सर्वांत जास्त तिरपा आणि टोकाला थांबताना सरळ. पाण्याशी होणारा कोन १५ ते २५ अंशांत राहिला तर उत्तम. ॲक्रिलिकचा पर वाकतच नाही, पाणी बाजूला फेकतो. मऊ रबर झेंड्यासारखे नुसते मागे येते.

०.५, ०.८ आणि १ मिमीचे पॉलिकार्बोनेट पत्रे घेऊन तिन्हींचे एकाच मापाचे पर कापा. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ०.८ वरून १ वर गेलात तरी तो जवळजवळ दुप्पट होतो. याहून बारीक फरक हवा असेल तर पर ताठ ठेवा आणि देठाच्या सांध्यात स्प्रिंगपट्टी बसवा. पट्टीची मोकळी लांबी कमी-जास्त करून ताठपणा जुळवता येतो. चाचणी हवेत करू नका. पराबरोबर पाणीही हलते, त्यामुळे पाण्यातली नैसर्गिक वारंवारता हवेपेक्षा फार खाली येते.

व्हर्जिनियातल्याच २०२१ च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की ताठपणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवला पाहिजे. वेग दुप्पट तर ताण चौपट. त्यांनी त्यासाठी शेपटीत ताणता येणारी कृत्रिम शिर बसवली होती. तेवढे करणार नसाल तर एक वेग निश्चित करा, त्याच वेगाला पर जुळवा आणि अहवालात तो वेग लिहा.

प्रश्न : आयपी६७ सर्व्हो घेऊनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी शिरते. काय लावावे?
*– आयटीआय निदेशक, सिंधुदुर्ग*

उत्तर : आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही स्थिर. फिरत्या दंडाची हमी त्यात नाही. दंडाभोवतीची छोटी ओ-रिंग (रबरी कडी) झिजते आणि पाणी तिथून येते. नायट्राइलची ओ-रिंग घाला, तिला सिलिकॉन ग्रीस भरपूर द्या आणि दर काही तासांच्या वापरानंतर पुन्हा द्या. सिलिकॉन रबराच्या ओ-रिंगला मात्र सिलिकॉन ग्रीस लावू नका, ती फुगते.

थ्रीडी प्रिंट केलेले खोके बाहेरून अखंड दिसते, पण थरांमधून झिरपते. पीएलए प्लास्टिकऐवजी पीईटीजी घ्या, भिंतीला किमान चार फेरे द्या आणि बाहेरून पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. झाकणासाठी २.५ मिमीची ओ-रिंग आणि १.९ मिमी खोल, ३.२ मिमी रुंद खाच ठेवा; रिंग चोवीसेक टक्के दाबली जाते. खाचेचा पृष्ठभाग प्रिंटचा तसाच ठेवू नका, पॉलिश पेपरने घासा. एक केसही गळतीला पुरतो.

वायरी बाहेर काढताना सिलिकॉन सीलंट वापरत असाल तर त्याचा वास घ्या. व्हिनेगरचा वास येणारे सीलंट सुकताना आम्ल सोडते आणि आतले तांबे खाते, न्यूट्रल प्रकारचे घ्या. शिवाय वायरच्या आवरणाच्या आतूनही पाणी चालत येते. त्यासाठी सीलच्या जागी वायर सेंटिमीटरभर सोलून तारा उघड्या करा आणि तेवढा भाग इपॉक्सीत बुडवा.

पाण्यात सोडण्याआधी निर्वात चाचणी करा. खोक्याला छोटी नळी ठेवा, हातपंपाने आतला दाब २५० मिमी पाऱ्याने कमी करा आणि १५ मिनिटे थांबा. काटा १०-१२ मिमीपेक्षा जास्त सरकला तर साबणाचे पाणी नव्हे, ग्रीस लावत गळती शोधा: जिथे ग्रीस लावल्यावर काटा थांबतो, ती जागा. नळीचे बूच बॅटरी चार्ज करताना आणि पोहून आल्यावर लगेच उघडा. लिथियम सेल ओला होऊन वायू सोडू लागला तर बंद खोके फुटू शकते.

समुद्राच्या पाण्यातून काढल्यावर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ वर खाऱ्या पाण्यात खड्डे पडतात.

प्रश्न : टाकीत अगदी समतोल असलेला मासा मिरामारला समुद्रात वर तरंगू लागला. शिसे वाढवले, तर दोन-तीन मीटरवर गेल्यावर तळाशीच बसला.
*– पदविका विद्यार्थिनी, पणजी*

उत्तर : दोन वेगळी कारणे एकत्र झाली आहेत. समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड. तुमचा मासा दोन लिटर पाणी सारत असेल तर समुद्रात ५० ग्रॅम जास्त लागतात. हे वाढवणे बरोबरच होते.

बुडण्याचे कारण हवा आहे. मऊ कातडीखाली किंवा फोममध्ये अडकलेली हवा खोलीबरोबर आकसते. १० मीटरवर ती निम्मी होते: ५० मिली हवा असेल तर २५ ग्रॅम उचल गेली. तीन मीटरवरही ११-१२ ग्रॅम जाते. मासा जितका खाली जातो तितका जड होतो, आणि जड झाला की आणखी खाली जातो. कातडीच्या आतला भाग पाण्याने भरा. वर-खाली दोन छोटी भोके ठेवून, पाण्यात उलटसुलट करून बुडबुडे काढा. उचलीसाठी लागणारी हवा फक्त ताठ खोक्यात असावी. मग पृष्ठभागावर ५-१० ग्रॅम हलकाच ठेवा, म्हणजे बॅटरी संपली तरी तो वर येईल. गुरुत्वमध्य उचलीच्या मध्याखाली ५ ते १० मिमी पुरे. फार खाली नेलात तर मासा वर-खाली वळायलाच तयार होत नाही.

छातीच्या परांनी खोली राखता येते, पण फक्त चालत्या माशात. थांबल्यावर ते निरुपयोगी.

प्रश्न : सिलिकॉनची कातडी साच्याला लागून चिकटच राहते, दोन दिवसांनीही सुकत नाही.
*– हौशी वाचक, ठाणे*

उत्तर : प्लॅटिनम प्रकारचे सिलिकॉन (इकोफ्लेक्स, ड्रॅगन स्किन वगैरे) गंधक किंवा अर्धवट कडक झालेले रेझिन लागले की जमत नाही. लेटेक्सचे हातमोजे, काही प्रकारची मॉडेलिंग क्ले आणि रेझिन प्रिंटरवर काढलेले साचे हे नेहमीचे दोषी. नायट्राइलचे मोजे वापरा. साचा फिलामेंट प्रिंटरवर काढा, किंवा रेझिनचा साचा धुऊन, अतिनील प्रकाशात पुरता कडक करून त्यावर ॲक्रिलिक लॅकर मारा. चिकट राहिलेली कातडी वाचत नाही, फेकून द्या. जाडी दीड मिमीच्या वर नेऊ नका. जाड कातडी ताणण्यात सर्व्होची निम्मी ताकद जाते.

प्रश्न : पोहता पोहता शेपटीची वारंवारता बदलली की मासा झटका देतो. एकदा गिअरचे दातच गेले.
*– संगणकशास्त्राचे विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर*

उत्तर : तुम्ही बहुधा साइन (२ × π × वारंवारता × वेळ) असे थेट लिहिले आहे. सुरू होऊन १०० सेकंद झाल्यावर वारंवारता १ वरून १.२५ केली तर साइनच्या आतला आकडा एका क्षणात २५ पूर्ण फेऱ्यांनी उडी मारतो, १.२५३ केली तर २५.३ फेऱ्यांनी, आणि तो ०.३ फेरा म्हणजेच तुमचा झटका. कला (फेज) वेगळ्या चलात साठवा आणि दर वेळी तिच्यात २ × π × वारंवारता × (मागच्या वेळेपासून गेलेला काळ) एवढी भर घाला. वारंवारता कशीही बदलली तरी कोन सलग राहतो. वळण्यासाठी प्रत्येक सांध्याच्या साइनमध्ये ठरावीक कोन मिळवा, तोही अर्ध्या सेकंदात हळूहळू. सर्व्होंना वीज देणारा व्होल्टेज नियंत्रक, प्रोग्रॅम चालवणाऱ्या ईएसपी३२ बोर्डापासून वेगळा ठेवा, नाहीतर तिन्ही सर्व्हो एकत्र ओढले की व्होल्टेज पडते आणि बोर्ड पुन्हा सुरू होते.

प्रश्न : चाचणी कुठे करावी? गावाकडे शेततळे आहे. आणि पाण्याखाली वाय-फाय का तुटते?
*– अंतिम वर्षाचा गट, सोलापूर*

उत्तर : २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात हातभरही टिकत नाहीत. गोड्या, उथळ पाण्यात ४३३ मेगाहर्ट्झचा संच थोडे अंतर निभावतो, खाऱ्या पाण्यात तोही नाही. कार्यक्रम आधीच भरून ठेवा, ठरावीक वेळेनंतर मासा आपोआप थांबेल अशी सोय करा, नोंदी आतल्या कार्डवर घ्या.

काचेच्या टाकीत वेग मोजू नका. भिंतींवरून परतणारी लाट आणि पृष्ठभागाची ओढ दोन्ही आकडे बिघडवतात. पोहण्याचा तलाव मिळाला तर उत्तम. मासा स्वतःच्या उंचीच्या दोन-तीन पट खाली पोहवा, तळाला दर अर्ध्या मीटरला खुणेची फरशी किंवा दोरी टाका, पहिले दोन मीटर सोडून पुढचे तीन मोजा आणि उलट दिशेनेही तेच करा.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात मात्र मासा आणायला कुणीही उतरू नये. ओल्या प्लास्टिकच्या उतारावर पाय टिकत नाही, आणि पोहता येणारा माणूसही तिथून बाहेर येऊ शकत नाही. काठाला गाठी मारलेला दोर बांधून पाण्यात सोडा, हवा भरलेली ट्यूब हाताशी ठेवा, आणि माशाच्या पाठीला, शेपटीपासून दूर, तरंगणारी बारीक दोरी बांधून दुसरे टोक काठावरच्या माणसाकडे द्या. दोरीने वेग थोडा कमी दिसेल, म्हणून वेगाच्या चाचण्या तलावातच करा. शेततळ्यात फक्त समतोल, खोली आणि गळती तपासा.